फिंतासच्या गॅलरीतले नाकतोडे

१७ जानेवारी १९९८, शनिवार

ही डायरी क्लिनिकला एका औषध कंपनीने दिली. डॉक्टरांना नको होती, मी उचलली. नवीन वर्षाचा संकल्प वगैरे काही नाही. कोणाशी तरी बोलायला हवं म्हणून लिहिते आहे.

बाबांना कुवेतला, फिंतासच्या आमच्या घरी येऊन आठवडा झाला. आठवड्याभरात ते जेवढं बोलले, तेवढं आमच्याकडचा दाढ काढलेला पेशंटही बोलतो. "हो." "नको." "असू दे." सकाळी मी फहाहीलला कामावर निघते तेव्हा ते गॅलरीतल्या खुर्चीवर बसलेले असतात, दुपारी येते तेव्हाही तिथेच. समोर काय, तर गाड्यांचं पार्किंग आणि पलीकडे रिकामा प्लॉट. "बाबा, बेडरूमच्या खिडकीतून समुद्र दिसतो, तिकडे बसा ना," म्हटलं. म्हणाले, "असू दे."

आई सप्टेंबरात गेली. त्यानंतर बाबा नाशिकच्या घरात एकटेच होते. सलील, माझा धाकटा भाऊ, पुण्याहून रविवारी जाऊन यायचा. त्यानेच एकदा फोनवर सांगितलं की ताई, बाबा दूधपोह्यांवर दिवस काढतायत, गॅसही पेटवत नाहीत. म्हणून मी हट्टाने इकडे आणलं. वाटलं होतं, जागा बदलली की माणूस बदलेल. माणूस तसाच आहे. फक्त खुर्ची बदलली.

२ फेब्रुवारी

माझ्या नवऱ्याला, गुरूला म्हटलं, बाबांना डॉक्टरकडे नेऊ या का. तो म्हणाला, "थोडे दिवस जाऊ दे." गुरूचं सगळ्यालाच थोडे दिवस जाऊ दे असतं. शुऐबाच्या प्लांटमध्ये वाफेचा पाइप गळला तर मात्र हा माणूस जेवणावरून उठून धावतो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बगदादचं मिटलं एकदाचं, युद्ध टळलं. खिडक्यांना चिकटवायला आणलेला टेप आणि पाण्याचे खोके पलंगाखाली ढकलले.

पण आजची खरी बातमी वेगळीच. बाबा बोलले. पूर्ण वाक्य बोलले.

मागच्या आठवड्यात पाऊस झाल्यामुळे समोरच्या प्लॉटवर जरा हिरवं दिसायला लागलं होतं. सुट्टी होती, हवा छान होती, म्हणून बाबांना जवळजवळ ओढूनच खाली नेलं. प्लॉटच्या कोपऱ्यात, सिमेंटच्या तुटक्या पाइपांमागे, पुरुषभर उंचीचं झुडूप. मी पुढे निघाले होते. मागून आवाज आला, "सुचू, अगं ही रुई आहे!"

मी वळून बघितलं तर बाबा चक्क मातीत उकिडवे बसलेले. रुईच्या जाड पानांवर बारीक काळे किडे होते, अंगभर पिवळे ठिपके, सगळे एकमेकांना चिकटून, जसं कोणी मोहरी आणि हळद सांडून ठेवलीय. बाबा म्हणाले, "रुईवरचा नाकतोडा. पण आपल्याकडचा नाही हा. आपल्याकडचा निळा, पिवळ्या पट्ट्यांचा. शनिवारी मारुतीसाठी पानं आणायला गेलो की हातावर चढायचा." आणि एकाला बोट लावलं.

त्या एवढ्याशा किड्याने पाठीतून पिचकारी मारली. थेट बाबांच्या चष्म्यावर! मी किंचाळले. बाबा हसले. चष्मा पुसत हसतच होते. "मला मारतोय बघ," म्हणाले.

गुरूला सांगितलं तेव्हा त्याने माळ्यावरची जाळी काढली आणि जेवणानंतर एक पिंजरा बनवायला घेतला. आता गॅलरीत पिंजरा, त्यात रुईची फांदी आणि फांदीवर ते सगळे पिचकारीवाले. मला किळस येते. पण बाबा आज दोन पोळ्या जेवले.

६ मार्च, शुक्रवार

मंडळाच्या कार्यक्रमात मालनताई सबनीस भेटल्या. मूळच्या देवरुखच्या, इथल्या एका भारतीय शाळेत वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवतात. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला, मूलबाळ नाही, एकट्या इथे आल्या. युद्धात जॉर्डनमार्गे सगळं सोडून गेल्या आणि पुन्हा परत आल्या. आता जूनमध्ये रिटायर व्हायच्या आहेत. त्यांच्यासमोर सहज नाकतोड्यांचा विषय काढला तर म्हणाल्या, "आत्ताच बघायला चला." कार्यक्रमातला पुलाव तसाच टाकून बाई माझ्या पुढे गाडीत बसल्या.

पिंजऱ्यासमोर गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा आफ्रिकेतला गडी. इजिप्त, सुदान, तिथून लाल समुद्राच्या अलीकडे अरबस्तानात. फिंतासमध्ये बघीन असं वाटलं नव्हतं. तुमच्या नाशिकच्या रुईवरच्याचा चुलतभाऊ."

"चुलतभाऊ पिचकारी नाही मारत," बाबा म्हणाले.

"ह्याच्याकडे दारूगोळा जास्त. रुईचा चीक विषारी ना? हा तो पचवतो आणि पाठीत साठवून ठेवतो. पक्ष्याने चोच मारली की फवारा. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही. म्हणून तर हे रंग. लपायचं नाहीच, उलट सांगायचं, मी आहे, मला खाऊ नकोस. आणि लहानपणी असे घोळक्यानेच राहतात, म्हणजे धोक्याची पाटी मोठी दिसते."

"म्हणून पळतही नाहीत."

"कशाला पळतील? रविकांतराव, हात मात्र साबणाने धुवत जा. हे विष हृदयाला लागतं."

बाबा म्हणाले, "लागू दे." मी घाबरले. मालनताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "तसं नको. मग ह्यांना पानं कोण घालणार?"

बाबा उठून हात धुवून आले.

१४ मार्च

बाबांनी इस्त्री मागितली. बरं लक्षण आहे.

पाटबंधारे खात्यात जन्मभर धरणांचे नकाशे काढले त्यांनी. काल माझ्याकडून कागद आणि पेन्सिली मागून घेतल्या. आता नाकतोड्याचं चित्र काढतायत. पायावरचा काटा न् काटा. मालनताईंना शाळेच्या प्रदर्शनासाठी तक्ते हवे आहेत म्हणे. त्या संध्याकाळी फोन करून विचारतात, पिल्लांनी कात टाकली का. बाबा फोनवर चांगले बोलतात. मी असताना जरा कमी बोलतात, पण ते विषय शास्त्रीय असल्यामुळे असेल.

३ एप्रिल, शुक्रवार

आज एकाने कात टाकली. फांदीला उलटा लटकला, पाठ मधोमध उसवली आणि आतून नवा नाकतोडा हळूहळू खाली सरकला. ओला, फिकट, पाय नूडल्ससारखे. बाबांनी मला हाक मारली, मी आले, तर तोवर मालनताई दारात हजर! त्या राहतात बनेद अल-गारला, तिथून इथवर यायला किती वेळ लागतो? म्हणजे बाबांनी मला सांगायच्या कितीतरी आधी त्यांना फोन केला असणार. मी बाबांना बाजूला घेऊन म्हटलं, "बाबा, त्यांचा सुट्टीचा एकच निवांत दिवस. सारखं बोलवू नका. त्या संकोचून येत असतील."

बाबा म्हणाले, "हो का?" आणि परत गॅलरीत गेले.

गुरू पेपरमागे हसत होता. कार्टून वाचत असेल.

१७ एप्रिल, शुक्रवार

प्रदर्शन काल झालं. बाबांच्या तक्त्यांसमोर केवढी गर्दी! अंड्यापासून पंखवाल्यापर्यंत सगळ्या अवस्था रंगवलेल्या, खाली बाबांच्या त्या नकाशाच्या अक्षरात माहिती. बाबा स्वतः उभे राहून समजावत होते, मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून. त्यांच्या अंगावर नवा निळा शर्ट होता. कधी घेतला कोण जाणे.

आज दुपारी मात्र भलतंच घडलं. घरमालकाची आई, रबियाबाई, वरच्या मजल्यावर राहतात. दार उघडं होतं, मालनताई आलेल्या होत्या. रबियाबाई आत डोकावल्या आणि पिंजरा बघून एकदम ओरडल्या, "वल्ला, जराद!" जराद म्हणजे टोळ, एवढं मलाही कळलं. त्यांच्या लहानपणी टोळांचे थवे यायचे आणि मिठाच्या पाण्यात उकडून सगळे आवडीने खायचे. बाईंनी पिंजऱ्याची कडीच काढायला घेतली.

बाबा मध्ये उभे राहिले, दोन्ही हात पसरून. "नो जराद! नो!"

रबियाबाई हट्टाला पेटल्या. बाबांना बाजूला सारायला लागल्या. मग मालनताईंनी अरबीत समजावलं. विष आहे, सम्म, सम्म, असं म्हणत छातीवर हात ठेवून हृदय बंद पडल्याची नक्कल केली. जराद थव्याने गावोगाव उडतात, हा रुई सोडून हलत नाही, हा तो नाहीच. रबियाबाईंनी बराच वेळ पिंजऱ्याकडे बघितलं, मग सुस्कारा सोडून तिथेच सोफ्यावर बसल्या. मी चहा दिला. चहा पिता पिता त्यांनी एकदा बाबांकडे, एकदा मालनताईंकडे बोट करून काहीतरी विचारलं. मालनताई कानापर्यंत लाल झाल्या.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"काही नाही. पिंजरा कुठून आणला विचारतायत."

गुरूने वाळवून ठेवलेलं लाकूड आहे हे मी खुणांनी सांगितलं. रबियाबाई माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघत राहिल्या. भाषा येत नसली की असं होतं.

८ मे, शुक्रवार

मंदूबाने, म्हणजे गुरूच्या कंपनीतल्या कागदपत्रांच्या माणसाने, बाबांचा व्हिसा वाढवून आणला. जूनअखेरपर्यंतची काळजी मिटली.

नाकतोडे आता मोठे झाले. ओळखू येणार नाहीत असे बदललेत. अंग पाटीसारखं निळसर राखी, त्यावर पिवळे-केशरी ठिपके, आणि पंख आले तरी उडण्याचं नाव नाही. चालतात तेही रमतगमत. पिचकारी आता लांब जात नाही. मालनताई म्हणाल्या, पंखांनी पाठ झाकली गेल्यामुळे विष आता फेसासारखं कडेने ओघळतं.

आज एक नर एका मादीच्या पाठीवर चढून बसला होता. बाबांच्या समोर मला कसंतरीच झालं. मी चहाचे कप उचलायला लागले, पण मालनताईंना कसला संकोच! वर्गात सांगावं तसं सांगितलं, "आता तो दिवसचे दिवस असाच बसेल. दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देणार नाही. ती चालेल तिकडे तो."

"आणि खातो काय?" बाबांनी विचारलं.

"ती खायला थांबली की वाकून जमेल तेवढं."

"ओझं होत नसेल तिला?"

मालनताई पिंजऱ्याकडे बघत म्हणाल्या, "ती मोठी असते. झेपतं."

बाबाही मग पिंजऱ्यातच बघत बसले. मला वाटलं विषय संपला, म्हणून मी टीव्ही लावला.

जाताना बाबा त्यांना "मालन, चष्मा राहिला" म्हणाले. "ताई" म्हणायचं विसरले. वय झालं की असं व्हायचंच.

१९ मे, मंगळवार

आजचं आजच लिहून टाकते.

सकाळी कामावर जाताना बघितलं तर समोरच्या प्लॉटवर बुलडोझर. नवी बिल्डिंग होणार आहे म्हणे. रुई गेली, पाइप गेले, सगळं सपाट. बाबांना हे कसं सांगायचं असा विचार करतच दुपारी घरी आले. दार बंद, घर रिकामं. गॅलरीत पिंजरा होता, आतल्या फांदीवर एकही पान नव्हतं.

बाहेर अंग भाजणारं ऊन. बाबा कधी एकटे जिन्यावरूनही उतरत नाहीत. मी गुरूला फोन केला, रबियाबाईंकडे गेले, खाली वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, मॅडमच्या गाडीतून गेले, सुलैबियाच्या बाजूला, काहीतरी झाड शोधायला.

सुलैबिया! नर्सऱ्या आणि शेतं संपली की पुढे नुसतं वाळवंट. युद्धात पेरलेले सुरुंग अजून सगळे निघालेले नाहीत. आम्ही सात वर्षांत डांबरी रस्ता सोडून पाऊल टाकलेलं नाही, आणि हे दोघं झाड शोधायला! मालनताईंच्या घरचा फोन नुसता वाजत होता.

संध्याकाळी बेल वाजली. दोघं दारात. चेहरे उन्हाने लाल, केसात धूळ, हातात रुईच्या फांद्यांचा भारा. आणि हसत होते. कॉलेजमधून पळून सिनेमाला गेल्यासारखे हसत होते.

मी जे बोलले ते लिहायला नको वाटतं, पण लिहिते. बाबांना म्हटलं, "किड्यांसाठी जीव द्यायचा होता तर इथे कशाला आलात?" मालनताई म्हणाल्या, "सुचित्रा, आम्ही नर्सरीच्या कुंपणाबाहेर गेलोच नाही. तिथल्या मुकादमानेच..." मी त्यांना पुरतं बोलू दिलं नाही. म्हटलं, "तुमचं ठीक आहे मालनताई. तुमच्यामागे विचारणारं कोणी नाही. ह्यांच्यामागे आम्ही आहोत."

त्यांनी भारा हळूच चपलांच्या कपाटावर ठेवला, पर्स उचलली आणि निघून गेल्या.

बाबांनी पिंजऱ्यात एक फांदी खोचली.

२४ मे

अर्धी पोळी. "हो." "नको." "असू दे."

आज एकच वाक्य बोलले, "माझं तिकीट काढ." मी म्हटलं, बाबा, रुई मिळतेय ना आता, गुरू आणतो की नर्सरीतून. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी परकी भाषा बोलतेय.

गुरूला म्हटलं, "किड्यांवरून एवढा राग?"

तो दाढी करत होता. थांबला. "सुचित्रा, तुला खरंच वाटतं की हे किड्यांवरून चाललंय?"

"मग कशावरून?"

"सबनीसबाईंना भेटून ये. माफी माग. मग बोलू."

माफी मागायचीच आहे. तेवढं मलाही कळतं.

२९ मे, शुक्रवार

बनेद अल-गारला गेले. मालनताईंचं घर निम्मं खोक्यांत भरलेलं. पुस्तकं, बरण्या, शाळेने दिलेली ढाल. त्यांनी दार उघडलं, "ये" म्हणाल्या, पाणी दिलं. मी उभ्या उभ्याच माफी मागितली. "मी फार वाईट बोलले, मालनताई. असं कोणी कोणाला बोलू नये."

"बस आधी." त्या स्वतः एका खोक्यावर बसल्या. "वाईट बोललीस, पण खोटं नाही बोललीस. माझ्यामागे विचारणारं खरंच कोणी नव्हतं. नवरा गेला तेव्हा मी चोवीस वर्षांची. त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही. सासरच्यांनी विचारलं नाही, माहेरच्यांनी विचारलं नाही. मीही मग स्वतःला विचारायचं सोडून दिलं."

मी खाली मान घालून बसले होते.

"त्या दिवशी सुलैबियाला त्यांनी विचारलं."

"काय विचारलं?"

माझ्या तोंडून हे असं निघालं! खरंच निघालं. मालनताईंनी माझ्याकडे बघितलं, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं, ओठ दाबले तरी थांबेना. "अगं," त्या म्हणाल्या, "रविकांतनी मला विचारलं, नाशिकला येशील का म्हणून. रुईची फांदी हातात धरून उभे होते. चीक मनगटावरून ओघळत होता, म्हटलं आधी हात धुवा."

मला खोलीतलं काही दिसेना. इस्त्री, निळा शर्ट, फोन, मालन-चष्मा-राहिला. रबियाबाईंचा प्रश्न! त्या बिचारीला दोन वाक्यांत कळलं होतं.

"तुम्ही काय सांगितलंत?" शेवटी मी विचारलं.

"विचार करून सांगते म्हटलं. आणि तुमच्या दारात आलो तेव्हा तू उभी होतीस. मग मी विचार करणं थांबवलं. सुचित्रा, मला कोणाच्या घरात चोरासारखं शिरायचं नाही. ह्या वयात तर नाहीच."

मला पटकन "या ना, खुशाल या" म्हणता आलं नाही. आईचा चेहरा समोर येत होता. तेही त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "यायलाच हवा. माझ्याही समोर येतो. मी तिला बघितलेलं नाही, पण ते सांगतात तिच्याबद्दल. खूप सांगतात."

बाबा आईबद्दल बोलतात? माझ्याशी तर एकदाही नाही.

३० मे

सकाळी गॅलरीत दुसरी खुर्ची नेऊन ठेवली आणि बसले. बाबा पानं पुसत होते.

"बाबा, काल मालनताईंकडे जाऊन आले."

त्यांचा हात थांबला.

"त्यांनी सांगितलं मला. मला काहीच कळलं नव्हतं हो."

"मलासुद्धा कळलं नव्हतं बरेच दिवस," बाबा म्हणाले. "राग आलाय?"

"माहीत नाही. आईबद्दल माझ्याशी का नाही बोललात?"

"तू रडतेस. सलील विषय बदलतो. तिच्याशी बोललं की ती पुढचं विचारते." बाबांनी हातातलं पान बाजूला ठेवलं. "सुचू, नाशिकला मी चहा प्यायचो नाही. तुम्हाला वाटायचं दुःख. तसं नव्हतं. आतल्या खोलीतून कोणी 'चहा घेणार का' म्हणून विचारत नाही ना, मग आठवतच नाही. दिवस संपतो आणि लक्षात येतं, आज चहा राहिला. तुझ्या आईची जागा तिचीच आहे. ती कोणाला देता येत नाही आणि कोणी मागितलेलीही नाही. मला फक्त अजून थोडं जगावंसं वाटायला लागलंय. ह्या गॅलरीत बसून वाटलं."

मी रडले, आणि ह्या वेळी बाबा उठून गेले नाहीत.

मग मीच आत जाऊन मालनताईंना फोन लावला आणि रिसीव्हर बाबांच्या हातात दिला. दार लावून घेतलं. इतकं तरी मला आता समजतं.

१२ जून, शुक्रवार

सलीलशी फोनवर भांडण. "ताई, आईचं वर्षश्राद्धसुद्धा झालं नाही! आणि तू त्यांना साथ देतेस?"

त्याचं चुकतंय असं नाही. मी म्हटलं, "लग्नाची तारीख वर्षश्राद्धानंतरचीच आहे. ती अट मालनताईंनीच घातली. बाबांनी नाही, मी नाही. आणि सलील, बाबा इकडे यायच्या आधी तू मला काय सांगितलं होतंस? दूधपोहे. तू बघितलंस, मी नुसतं ऐकलं. आता येऊन बघ, तुझे बाबा माझ्या पोळ्यांना नावं ठेवतात."

तो म्हणाला, "कशाला नावं ठेवतात?"

"जाड होतात म्हणे."

"होतातच," सलील म्हणाला. मग म्हणाला की विचार करतो.

पिंजऱ्यात आम्ही ओलसर वाळूचा डबा ठेवला होता. मादीने आज त्यात पोट खुपसलं, लांबवत लांबवत बोटभर खोल नेलं आणि तशीच निश्चल बसून राहिली. बाबा आणि मालनताई दोन्ही बाजूंनी वाकून बघत होते. वाळूत फेसाच्या वेष्टनात अंडी घालते, फेस सुकून त्याचंच कवच होतं. त्यात पुष्कळ अंडी असतात आणि तीसुद्धा विषारी. "आईकडून मिळालेली शिदोरी," मालनताई म्हणाल्या. "बाहेर येतात तेच चिलखत घालून."

मी आता चहाचे कप उचलायची घाई करत नाही.

२६ जून, शुक्रवार

दोघं एकाच विमानाने गेले. मुंबईहून बाबा नाशिकला, मालनताई देवरुखला भावाकडे. सप्टेंबर होईपर्यंत वेगळे. हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. विमानतळावर रबियाबाई आल्या होत्या, खजुरांचा डबा घेऊन. मालनताईंचे दोन्ही गाल धरून काहीतरी बोलल्या, ह्या वेळी मी भाषांतर मागितलं नाही.

अंडी न्यायची नाहीत असं मालनताईंनी बजावलं. एका देशाचा किडा दुसऱ्या देशात नेऊन सोडायचा नसतो. वाळूचा डबा माझ्याकडे आहे. म्हातारे नाकतोडे पिंजऱ्यात आहेत, गुरू सुलैबियाहून पानं आणतो. मालनताई म्हणाल्या, थंडी सरेपर्यंत धीर धर, वाळू पार सुकू देऊ नकोस. म्हणजे किळस येणाऱ्या बाईच्या घरात पुढच्या वर्षीची तयारी आहे.

२० सप्टेंबर

नाशिकहून परतले. आईचं वर्षश्राद्ध नीट झालं. बाबांनी सगळं स्वतः केलं. मालनताई आल्या नाहीत, त्यांनी देवरुखहून आईसाठी सोनचाफ्याची फुलं पाठवली होती. फुलं सलीलने ठेवली फोटोपुढे. मी त्याला सांगितलं नव्हतं.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

लग्नाच्या तारखेला मला रजा मिळाली नाही. सलील होता. रजिस्टर ऑफिसात साक्षीदार म्हणून सही त्याने केली, आणि नंतर मिसळ खायला नेलं म्हणे दोघांना. त्याचा फोन आला तेव्हा मला वाटलं होतं कुरकुरेल. त्याऐवजी म्हणाला, "बाबांनी दोनदा पाव मागितले, ताई."

आज मी नाशिकला फोन लावला. बाबांनी उचलला. आवाज इतका मोठा की मला वाटलं राँग नंबर लागला. कुठल्याशा शाळेत मुलांना किडे दाखवायला जायचंय, गंगापूर रोडला रुई सापडलीय, निळे-पिवळे मिळालेत, पण हे पिचकारी मारत नाहीत त्यामुळे मुलांना मजा येणार नाही. मी नुसती हूं हूं करत होते. मागून भांड्यांचा आवाज येत होता. मग कोणीतरी दार उघडलं, काहीतरी म्हणालं.

"बरं सुचू, ठेवू का आता?" बाबा म्हणाले. "हिला मंडईत जायचंय, खाली रिक्षा थांबवून आलीय."

हिला.

बाबांनी आईचं नाव कधी घेतलं नाही. ही म्हणाली, हिला विचार, हिचं डोकं दुखतंय, असंच आयुष्यभर. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरापासून तो शब्द त्यांच्या तोंडून गेला होता, आणि मला इतके दिवस कळलं नव्हतं की तो गेलाय. ऐकला आणि रडू आलं. आईसाठी आलं की आणखी कशासाठी, ते मला सांगता येणार नाही.

"सुचू? आहेस ना?"

"आहे बाबा. जा लवकर. त्या खोळंबल्या असतील."

रिसीव्हर ठेवून तशीच उभी राहिले. गुरू आतून आला, माझ्याकडे बघून घाबरला. "काय झालं? रडतेस काय?"

म्हटलं, "काही नाही रे. बाबांची रिक्षा थांबलीय."